टक्के कमी आले, दाखला नाकारला, अनुदान अडलं: दिव्यांगांसाठी फेरतपासणी, अपील आणि मदतीचे रस्ते

सिव्हिलमधून ३८ टक्क्यांचा दाखला हातात पडतो आणि तहसीलमधला संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तिथंच थांबतो, कारण तिला किमान ४० टक्के लागतात. किंवा तात्पुरत्या दाखल्याची मुदत संपते, नूतनीकरणात टक्के घटतात आणि चालू असलेला 'पगार', म्हणजे महिन्याचं अनुदान, बंद होतो. अशा वेळी बहुतेक घरांत एकच होतं: कुणी तरी पुन्हा पुन्हा खेटे घालतं, खिडकीवरून "पुढच्या आठवड्यात या" असं ऐकून परततं, आणि सहा महिन्यांनी विचारलं तर हातात एकही कागद नसतो. हा लेख त्या सहा महिन्यांसाठी आहे. अर्ज कुणाकडे करायचा, त्यात काय लिहायचं, वाट पाहताना काय करायचं आणि फुकट मदत कुठे मिळते, ते महाराष्ट्रातल्या पद्धतीप्रमाणे इथं दिलं आहे.

आधी गाठ कुठे पडली आहे ते ओळखा

दिव्यांगांचे पैसे अडण्याची तीन ठिकाणं आहेत आणि तिन्हींची दारं वेगळी आहेत.

पहिलं ठिकाण म्हणजे दाखला. टक्के किती, दिव्यांगत्व कायम की तात्पुरतं, २१ प्रकारांपैकी कोणता प्रकार, हे सगळं डॉक्टर ठरवतात. त्याविरुद्धची दादही आरोग्य खात्याच्या वाटेनेच जाते. तहसीलदार टक्के वाढवू शकत नाहीत. त्यांच्याशी वाद घालण्यात गेलेला दिवस फुकट जातो.

दुसरं ठिकाण म्हणजे योजनेची मंजुरी. दाखला ठीक आहे, पण उत्पन्न, वास्तव्य किंवा वय यावरून अर्ज नामंजूर झाला. हा महसूल खात्याचा निर्णय आहे. इथं सिव्हिल सर्जनना भेटून काहीच होत नाही.

तिसरं ठिकाण बँक. मंजुरी आहे, यादीत नाव आहे, पण खात्यावर रक्कम नाही. याला अपील लागतच नाही. आधार आणि खात्याची जोडणी तपासली की बऱ्याचदा उत्तर मिळतं. त्याबद्दल पुढे सविस्तर येईल.

तोंडी नकारावर अपील होत नाही

या सगळ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. "तुमचं बसत नाही" असं कुणी सांगितलं, तर कायद्याच्या दृष्टीने अजून काहीच घडलेलं नाही. दाद मागायची तर ज्यावर दाद मागायची तो निर्णय कागदावर हवा आणि त्यावर तारीख हवी.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यातलं कलम ५८ दाखल्याबद्दल आहे आणि कलम ५९ अपिलाबद्दल. दाखला देता येत नसेल तर त्याची कारणं अर्जदाराला लेखी कळवायची, असं नियमांत आहे. पूर्वी यासाठी एक महिन्याची मुदत होती. ऑक्टोबर २०२४च्या सुधारणेनंतर दाखल्यासाठी तीन महिन्यांची मुदत आहे. म्हणजे अर्ज केल्यापासून तीन महिने उलटले आणि हातात दाखलाही नाही, नकारही नाही, तर तेवढ्यावरच तक्रार करता येते.

लेखी नकार मिळत नसेल तर साध्या कागदावर असा अर्ज लिहा:

"प्रति, मा. जिल्हा शल्यचिकित्सक, जिल्हा सामान्य रुग्णालय, (गाव). विषय: दिव्यांग प्रमाणपत्राच्या अर्जावरील निर्णय लेखी मिळण्याबाबत. महोदय, मी दिनांक ___ रोजी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज केला असून नोंदणी क्रमांक ___ आहे. दिनांक ___ रोजी माझी तपासणी झाली. अर्जावर काय निर्णय झाला तो कारणांसह लेखी द्यावा. तसेच कलम ५९ अन्वये अपील प्राधिकरण कोणते, त्यांचा पत्ता काय आणि मुदत किती, हे कळवावे. आपला/आपली, (सही किंवा अंगठा)."

"तसेच कलम ५९ अन्वये" हे वाक्य गाळू नका. अपील कुणाकडे करायचं हे राज्य सरकार ठरवतं. ते नाव तुम्हाला लेखी मिळालं, तर "आमच्याकडे नाही, तिकडे जा" असं फिरवणं पुढे कुणालाच जमत नाही.

अर्जाच्या दोन प्रती काढा. एक द्यायची, दुसरीवर पोच घ्यायची. पोच म्हणजे नुसता गोल शिक्का नव्हे. आवक क्रमांक, तारीख आणि घेणाऱ्याची सही, ही तिन्ही हवीत. क्रमांक नसलेल्या शिक्क्यावरून तुमचा कागद आवक नोंदवहीत शोधता येत नाही आणि पुढे "आमच्याकडे आलाच नाही" हे ऐकावं लागतं. टेबलावर घेत नसतील तर वाद घालू नका, आवक-जावक विभागात जा. तिथंही घेतलं नाही, तर स्पीड पोस्टने पोचपावतीसह पाठवा. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टमध्येच विलीन झालं आहे. पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवा.

टक्के कसे निघतात ते समजून घ्या

अपील करण्यापूर्वी आपल्या आकड्यात चूक असू शकते का, हे पाहायला हवं. "मला खूप त्रास होतो" हे खरं असतं, पण तपासणी करणारं वैद्यकीय मंडळ त्रास मोजत नाही. ते केंद्राने प्रसिद्ध केलेल्या मूल्यमापनाच्या निकषांप्रमाणे तक्ता पाहून आकडा काढतं. हे निकष जानेवारी २०१८ मध्ये आले आणि मार्च २०२४ मध्ये सुधारले गेले.

डोळ्यांचं उदाहरण घ्या. एक डोळा पूर्ण गेला, पण दुसऱ्याची दृष्टी चष्म्यासह ६/६ ते ६/१८ मध्ये आहे, तर तक्त्याप्रमाणे ३० टक्के येतात. ही डॉक्टरांची कंजुषी नाही. अशा प्रकरणात फेरतपासणी मागून पुन्हा ३०च येणार, कारण दुसरा डोळा चांगला आहे. अपील इथं फक्त तेव्हाच उपयोगी पडतं, जेव्हा चांगल्या डोळ्याची दृष्टी किंवा दृष्टिक्षेत्र नीट मोजलंच गेलेलं नसेल. काचबिंदूच्या रुग्णांत असं होतं: समोरचं अक्षर वाचता येतं पण बाजूचं दिसत नाही, आणि तपासणीत फक्त अक्षरांचा तक्ताच वापरलेला असतो. तिथं फील्ड टेस्टचा, म्हणजे दृष्टिक्षेत्राच्या चाचणीचा, अहवाल जोडला तर चित्र बदलू शकतं.

कानाला वेगळं गणित आहे. दोन्ही कानांची टक्केवारी वेगवेगळी काढतात, चांगल्या कानाचा आकडा पाचने गुणतात, त्यात वाईट कानाचा आकडा मिळवतात आणि सहाने भागतात. एक कान पूर्ण गेला आणि दुसरा ठणठणीत असला, तर १०० भागिले ६ म्हणजे जेमतेम १७ टक्के. एका कानाच्या बहिरेपणावर ४० टक्के मिळत नाहीत ते यामुळे.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो दोन प्रकारचं दिव्यांगत्व असलेल्यांच्या बाबतीत. लोकांना वाटतं, डोळ्याचे ३० आणि पायाचे १५ म्हणजे ४५. तसं होत नाही. सूत्र असं आहे: मोठा आकडा, अधिक, लहान आकडा गुणिले (९० वजा मोठा आकडा) भागिले ९०. इथं ९० वजा ३० म्हणजे ६०. १५ गुणिले ६० म्हणजे ९००, भागिले ९० म्हणजे १०. एकूण ४० टक्के. साध्या बेरजेपेक्षा कमी, पण बरोब्बर तेवढेच जेवढे संजय गांधीसाठी लागतात. याच हिशोबाने ४० आणि ३० मिळून ७० होत नाहीत, ५७च्या आसपास होतात.

म्हणून डोळ्याच्या डॉक्टरांनी ३० टक्के लिहिले आणि लहानपणच्या अपघाताने आखडलेल्या पायाकडे कुणी पाहिलंच नाही, तर ती खरी चूक आहे आणि तिच्यावर अर्ज टिकतो. "मला बहुविकलांगतेखाली तपासावे" असं स्पष्ट लिहायचं. नेत्र विभागातले डॉक्टर पायाचा विचार स्वतःहून करणार नाहीत, ते त्यांच्या कामाचा भागच नाही.

मानसिक आजारासाठी स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, संवाद आणि समज, काम या चार बाबींना प्रत्येकी ० ते ४ गुण दिले जातात आणि आजार किती वर्षांचा आहे ते त्यात धरलं जातं. तपासणीच्या दिवशी रुग्ण शांत, नीटनेटका बसलेला असतो, कारण घरच्यांनी त्याला आंघोळ घालून, कपडे घालून आणलेलं असतं. डॉक्टरांना तेवढंच दिसतं. रोज कोण आंघोळ घालतं, सांगितल्याशिवाय तो जेवतो का, शेवटचं काम कधी केलं आणि का सुटलं, हे सोबतच्या माणसाने तारखांसह लिहून न्यावं आणि फाइलला लावायला सांगावं. या प्रकारात टक्के कमी येण्याचं सर्वांत मोठं कारण हेच आहे.

फेरतपासणीचा अर्ज

दाखला मिळाला पण टक्के पटले नाहीत, तर निर्णय हातात पडल्यापासून ३० दिवसांच्या आत, रुग्णालयाने लेखी कळवलेल्या अपील प्राधिकरणाकडे अर्ज टाकायचाच, असं मनाशी धरून चाला. उशिरा टाकलेला अर्ज मुदतीवरूनच बाजूला पडू शकतो, आणि जितके दिवस जातील तितकी "त्यानंतर बिघडलं असेल" अशी शंका निघते.

अर्ज एका पानाचा असावा. त्यात पाच गोष्टी हव्यात: दाखल्याचा किंवा यूडीआयडीचा (स्वावलंबन पोर्टलवरून मिळणाऱ्या दिव्यांग ओळखपत्राचा) क्रमांक आणि तारीख, किती टक्के आले, नेमकं काय चुकलं, त्याला पुरावा कोणता, आणि तुम्हाला काय हवं आहे. "नेमकं काय चुकलं" या जागी भावना लिहू नका, घटना लिहा. "दिनांक ___ रोजीच्या तपासणीत ऑडिओमेट्री (श्रवणचाचणी) झाली नाही, जुन्याच अहवालावरून टक्के दिले" किंवा "डाव्या हाताचे मूल्यमापन झाले, उजव्या गुडघ्याचे झाले नाही" अशी वाक्यं मंडळाला कामाची वाटतात. "माझ्यावर अन्याय झाला" या वाक्यावर कुणाला काही तपासता येत नाही.

सोबत जोडायचं ते असं: नाकारलेल्या किंवा कमी टक्क्यांच्या दाखल्याची प्रत, आधारची प्रत, गेल्या काही महिन्यांतले अहवाल, जुनी डिस्चार्ज कार्डं, आणि चालू उपचारांची चिठ्ठी. मूळ कागद कधीही देऊ नका, फक्त दाखवा. एक्स-रे आणि एमआरआयची फिल्म न्या, पण सोबत छापील अहवालही न्या. फाइलमध्ये फिल्म लागत नाही, अहवाल लागतो.

स्वतंत्र अहवाल मिळाला तर अर्जाचं वजन वाढतं. कानासाठी मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था, हातापायांसाठी हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था, बौद्धिक दिव्यांगत्वासाठी खारघरचं राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र, विदर्भात नागपूरचं संयुक्त प्रादेशिक केंद्र, या केंद्र सरकारच्या संस्था आहेत. तिथला अहवाल सहजासहजी बाजूला सारला जात नाही. लांब जाणं शक्य नसेल तर जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातला अहवाल घ्या. गल्लीतल्या खासगी दवाखान्याच्या लेटरहेडवरच्या "८० टक्के अपंग आहे" या एका ओळीचा उपयोग होत नाही. टक्के सांगण्याचा अधिकार त्या डॉक्टरांना नसतो. त्यांच्याकडून मोजमापं घ्या: सांधा किती अंशात वाकतो, स्नायूंची ताकद किती, कानाला किती डेसिबलला ऐकू येतं.

तपासणीच्या दिवशी

बहुतेक जिल्हा रुग्णालयांत दिव्यांग तपासणीचा वार ठरलेला असतो आणि प्रत्येक तज्ज्ञ प्रत्येक वेळी हजर नसतो. आदल्या दिवशी त्या विभागात फोन करून किंवा कुणाला तरी पाठवून "उद्या कानाचे डॉक्टर आहेत ना" एवढं विचारून घ्या. शंभर किलोमीटरवरून व्हीलचेअर घेऊन आल्यावर परत जावं लागण्यापेक्षा ते बरं. तज्ज्ञ नसल्याने परत पाठवलं, तर केसपेपरवर तसा शेरा लिहून मागा. तो उशीर तुमच्यामुळे झालेला नाही, याचा तोच पुरावा.

चष्मा न्या, कारण दृष्टी चष्म्यासह मोजतात. कुबडी, कॅलिपर, कृत्रिम पाय रोज वापरता तो वापरूनच जा. वेदनाशामक गोळी रोज घेत असाल तर घ्या आणि घेतली आहे ते सांगा. मुद्दाम जास्त त्रास दाखवू नका. मंडळातले डॉक्टर रोज हेच पाहतात, आणि खोटेपणाची शंका एकदा आली की खऱ्या त्रासावरचाही विश्वास उडतो. शिवाय खोटी माहिती देऊन लाभ घेणं हा कलम ९१ खाली गुन्हा आहे.

उलट बाजूने, लाजेखातर कमीही सांगू नका. आपल्याकडे वडीलधारी माणसं डॉक्टरांनी "चालता येतं का?" असं विचारलं की "येतं की" म्हणतात. प्रश्न असतो तो किती, कशाच्या आधाराने आणि किती वेळा थांबून. "वीस पावलांवर थांबावं लागतं, भिंत धरावी लागते, जिना उतरताना मुलगा पुढे लागतो" असं सांगा.

वाट पाहण्याचे महिने

अर्ज टाकला की एक वही करा. एका पानावर चार रकाने: तारीख, कुठे गेलो, कुणाशी बोललो (नाव नसेल तर टेबल), काय सांगितलं. तीन महिन्यांनी हीच वही तक्रारीचा मसुदा होते.

साधारण वेळापत्रक असं ठेवा. पंधराव्या दिवशी आवक क्रमांक सांगून अर्ज कोणत्या टेबलावर आहे ते विचारा. तिसाव्या दिवशी एका ओळीचं स्मरणपत्र द्या, त्यावरही पोच घ्या. पंचेचाळिसाव्या दिवसापर्यंत हालचाल नसेल तर माहिती अधिकार वापरा.

महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा अर्ज जोडपत्र 'अ' मध्ये करतात. त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावतात. दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क नाही, पण त्याचा पुरावा जोडावा लागतो. विषय एकच हवा आणि मजकूर १५० शब्दांत बसायला हवा, नाहीतर त्याच कारणाने अर्ज परत येतो. "माझे टक्के कमी का केले?" असं विचारू नका. 'का'ची उत्तरं या कायद्यात मिळत नाहीत, कागद मिळतात. असं मागा: "माझ्या दि. ___ च्या तपासणीची नोंद, मंडळाचा अभिप्राय आणि त्यावरील टिपणीच्या छायाप्रती, माझा दि. ___ चा आवक क्र. ___ अर्ज कोणत्या तारखेला कोणत्या अधिकाऱ्याकडे गेला त्याचा तपशील." पानाला २ रुपये लागतात. उत्तराची मुदत ३० दिवस. आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत जोडपत्र 'ब' मध्ये पहिलं अपील, २० रुपयांच्या स्टॅम्पसह, त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे. त्यानंतर ९० दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरं.

हा अर्ज टाकल्यावर पुष्कळदा मूळ अर्जच हलतो. फाइल शोधावीच लागते आणि ती सापडली की कुणाला तरी तिच्यावर काही तरी लिहावं लागतं.

वाट पाहताना हातचे लाभ सोडू नका. जुन्या दाखल्याची मुदत अजून शिल्लक असेल तर तो चालूच आहे. कायद्याप्रमाणे दाखला देशभर वैध असतो, म्हणून नोकरीसाठी पुण्याहून बेळगाव किंवा सुरतला गेलेल्यांनी नवा काढण्याची घाई करू नये. ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका यांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. ४० टक्क्यांचा दाखला आहे पण तहसीलमध्ये अडकलंय, त्यांनी या निधीसाठी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी अर्ज द्यावा. तात्पुरता दाखला असेल तर मुदत संपायच्या तीन-चार महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज टाका. मुदत संपल्यावर टाकला तर मधले महिने दोन्हीकडून कोरडे जातात.

संजय गांधीचा अर्ज नामंजूर झाला तर

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांसाठी किमान ४० टक्के, वय १८ ते ६५, महाराष्ट्रात किमान १५ वर्षं वास्तव्य आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांपर्यंत, अशा अटी आहेत. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना महिना २,५०० रुपये मंजूर आहेत. त्याआधी १,५०० होते. इतर निराधारांसाठी उत्पन्नाची मर्यादा २१ हजार आहे, आणि गोंधळ इथूनच सुरू होतो. ३५ हजारांचा दाखला असलेल्या दिव्यांगाचा अर्ज कुणी २१ हजारांच्या मापाने मोजून बाजूला ठेवला, तर ती सरळ चूक आहे. नकाराच्या पत्रात "उत्पन्न जास्त" लिहिलं असेल तर कोणती मर्यादा लावली ते आधी पाहा.

दुसरं नेहमीचं कारण नावातली तफावत. आधारवर "सुमनबाई", दाखल्यावर "सुमन", बँकेत वडिलांचं नाव, रेशनकार्डावर नवऱ्याचं. कारकुनाला यातून एकच माणूस सिद्ध करता येत नाही. आधी आधार दुरुस्त करा, मग आधारप्रमाणे बाकीचे सगळे कागद. उलट क्रमाने केलं तर दोनदा करावं लागतं.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ उपयोगी पडतो. हा दाखला १५ दिवसांत मिळायला हवा. मिळाला नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्यावर ३० दिवसांत दुसरं, आणि शेवटी ६० दिवसांत सेवा हक्क आयोगाकडे तिसरं. चुकार अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अपील 'आपले सरकार' पोर्टलवरून करता येतं. पोर्टलवरच्या अर्जाचा क्रमांक त्यासाठी लागतो, म्हणून सेतूमधून निघताना पावती घेतल्याशिवाय उठू नका.

मंजुरीच्या निर्णयाविरुद्ध अर्ज करताना महसुलातली उतरंड लक्षात ठेवा: तहसीलदारांच्या वर उपविभागीय अधिकारी, म्हणजे प्रांत, आणि त्यांच्या वर जिल्हाधिकारी. नकाराच्या पत्रात दाद कुठे मागायची ते लिहिलं नसेल, तर सिव्हिलला दिला तसाच एका ओळीचा अर्ज तहसीलला द्या आणि त्याची प्रत प्रांतांना. जिल्ह्याचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. त्यासाठी अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो. ज्यावर अपील किंवा कोर्टात प्रकरण चालू आहे ते तिथं घेत नाहीत, म्हणून तो रस्ता आधी वापरायचा की अपील, हे ठरवून मग पाऊल टाका. निर्णयच झालेला नसेल तर लोकशाही दिन. लेखी नकार आला असेल तर अपील.

मंजुरी आहे, पैसे नाहीत

आता रक्कम थेट लाभ हस्तांतरणाने (डीबीटी), आधारवर येते. म्हणजे तुम्ही अर्जात दिलेल्या खात्यावर ती येईलच असं नाही. आधारशी सर्वांत शेवटी ज्या बँकेने जोडणी केली, त्या खात्यावर ती जाते. मध्ये कुणी तरी मोबाइल दुकानात पेमेंट्स बँकेचं खाते उघडून दिलं असेल, तर "बंद झालेले" पैसे कित्येक महिन्यांपासून तिथं साठत असतात. आधारला जोडलेल्या मोबाइलवरून *९९*९९*१# लावा, आधार क्रमांक टाका, कोणत्या बँकेशी जोडणी आहे ते कळतं. हवं ते खाते वेगळं असेल तर त्या बँकेत जाऊन आधार सीडिंगचा फॉर्म भरा. नुसतं केवायसी करून भागत नाही. "डीबीटीसाठी मॅपिंग करायचं आहे" असं सांगा, ते काम वेगळं आहे. अठरा वर्षांवरील बौद्धिक दिव्यांग मुलामुलींचं खातं अडलं, तर राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ खालच्या स्थानिक समितीकडून पालकत्वाचा आदेश घ्यावा लागतो. ही समिती जिल्हाधिकारी कार्यालयातून चालते.

मदत कुणाकडे मागायची

पहिलं नाव विधी सेवा प्राधिकरणाचं. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुका न्यायालयात तालुका समिती असते. हेल्पलाइन १५१००. १९८७च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळतो आणि उत्पन्न पाहिलं जात नाही. मात्र यासाठी ४० टक्क्यांचा दाखला विचारला जाऊ शकतो, आणि तुमचा वादच टक्क्यांचा असेल तर तो नसतो. तेव्हा अर्जात दुसरा आधार लिहा: महिला, अनुसूचित जाती किंवा जमाती, अथवा वार्षिक उत्पन्न ३ लाखांपेक्षा कमी. यापैकी एक पुरेसा आहे. तिथं गेल्यावर "केस करायची आहे" असं म्हणू नका. "अपिलाचा अर्ज लिहून द्या आणि रुग्णालयाला पत्र पाठवा" असं मागा. प्राधिकरणाच्या एका पत्राने जे होतं त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागत नाही.

दुसरं, पुण्याचे राज्य दिव्यांग आयुक्त. कायद्याच्या कलम ८० खाली ते तक्रार ऐकतात, कागद आणि अधिकारी बोलावण्याचे त्यांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, आणि त्यांनी शिफारस केली की संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांत काय केलं ते कळवायचं असतं. ते टक्के वाढवून देत नाहीत. पण निर्णय न देणं, कारणं न देणं, रॅम्प नसल्याने दुसऱ्या मजल्यावर तपासणीला बोलावणं, फेरतपासणीचा अर्ज दाबून ठेवणं, यावर तक्रार जरूर करा. वही, पोच आणि स्मरणपत्रं इथं लागतात.

जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्र आणि जिल्हा परिषदेचा समाजकल्याण विभाग यांचा उपयोग मुख्यतः अर्ज भरणं, शिबिरांच्या तारखा आणि साधनं यांसाठी होतो. अपिलात त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

टक्के वाढवून देतो म्हणणाऱ्या दलालांपासून दूर राहा. त्यांनी मिळवलेला दाखला पुढे पडताळणीत रद्द झाला, तर घेतलेले पैसे परत करावे लागतात आणि गुन्हा तुमच्या नावावर नोंदतो. कार्यालयातच पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे.

अपिलातही तेच उत्तर आलं तर

शेवटचा रस्ता उच्च न्यायालयाचा: मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर. तिथंही विधी सेवा समिती आहे. न्यायालय स्वतः टक्के मोजत नाही. निर्णयाला कारणं नसतील किंवा तपासणी अपुरी असेल तर दुसऱ्या संस्थेकडून तपासणी करायला सांगू शकतं. वैद्यकीय प्रवेशाच्या एका खटल्यात १५ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मंडळांना कारणं द्यायला सांगितली, आणि मंडळाचा प्रतिकूल अभिप्राय न्यायालयात तपासता येतो, असं म्हटलं. तो प्रवेशाचा विषय होता, पण कारण न देणाऱ्या मंडळासमोर तुमच्या वकिलांना तो निकाल मांडता येईल.

निर्णय बाजूने लागला की घरी जाऊन निवांत बसू नका. स्वावलंबन पोर्टलवर नवा आकडा चढला का ते पाहा. यूडीआयडी कार्डाचा रंग त्यावरून ठरतो: ४० टक्क्यांच्या खाली पांढरा, ४० ते ८०च्या आत पिवळा, ८० आणि वर निळा. नवा दाखला तहसीलच्या संजय गांधी शाखेत पोच घेऊन द्या. रुग्णालयातून तो आपोआप तिकडे जात नाही. अनुदान मध्येच बंद झालं होतं तर कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत रक्कम आली नाही, ते पासबुकाच्या प्रतीवर खुणा करून त्याच अर्जात थकबाकी मागा. आणि दाखल्यावर "तात्पुरता" लिहिलं असेल, तर त्याखालची तारीख त्याच दिवशी कॅलेंडरवर लिहून ठेवा.